साहेब बाहेर गेलेत

जेवणं झाली होती, भांडी घासून पालथी घातली होती, आई नुकतीच आडवी झाली होती. कादंबरी आगाशेनं जपानी शब्दकोश उघडून एका पंपाच्या, भाषांतराला आलेल्या माहितीपुस्तकात डोकं घातलं होतं. नेमका तेव्हाच फोन वाजला. वाजणारच. कर्वेनगरात एक वेळ पाणी यायचं विसरेल, पण हे दुपारचे फोन चुकायचे नाहीत.

तेव्हा मोबाइल बऱ्याच जणांच्या खिशात आले होते, तरी घरचा फोन वाजला की माणूस हातातलं टाकून उठायचा. शहरात आयटीचा पैसा खुळखुळायला लागला होता आणि त्याचा वास लागलेल्या कंपन्या घराघरांत फोन करत सुटल्या होत्या. कार्ड घ्या, कर्ज घ्या, महाबळेश्वरला चार दिवस फुकट राहा. असले फोन बंद करायची सरकारी सोय अजून यायची होती. कादंबरीनं सगळे उपाय करून पाहिले होते. गोड बोलून झालं, खेकसून झालं, एकदा तर तिनं अख्खं संभाषण जपानीत केलं. पलीकडचा मुलगा "थँक्यू मॅडम" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला.

आईची झोप मोडायच्या आत तिनं रिसीव्हर उचलला.

"नमस्कार, यज्ञेश्वर आगाशे साहेबांशी बोलता येईल का?"

"कशाबद्दल?"

"मॅडम, साहेबांना आमच्या बँकेचं क्रेडिट कार्ड मंजूर झालंय."

"मागितलं कोणी होतं?"

"कोणीच नाही, मॅडम. तीच तर त्याची खासियत आहे."

कादंबरी रिसीव्हर आपटणार होती. पण हात थांबला. पाठ केलेलं घडाघडा म्हणणाऱ्या त्या सगळ्या आवाजांत हा पहिलाच, ज्यानं स्वतःच्या पदरचं वाक्य बोलून दाखवलं होतं.

"नाव काय तुमचं?"

"दिग्विजय."

"हे बघा दिग्विजय, ह्या घरात कोणालाही काहीही नकोय. मी शंभरदा सांगितलंय. तुमच्याकडे लिहून घ्यायची पद्धत नाही का?"

"आहे ना. लिहून घेतो म्हणूनच तर फोन येऊन राहिला... म्हणजे, येतोय." त्यानं घाईघाईनं भाषा सावरली. "तुमच्या घरून दर वेळी सांगतात, साहेब बाहेर गेलेत, नंतर करा. नंतर करा म्हटलं की आमचं मशीन परत नंबर लावतं. मंगळवारी मीच बोललो होतो. मावशी म्हणाल्या, साहेब मंडईत गेलेत, गुरुवारी दुपारी करा, जेवायला घरी असतात."

मंगळवारी कादंबरी कामासाठी हिंजवडीला गेली होती. तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. आईची पाठ दिसत होती, वर पंखा कुरकुरत होता.

"मॅडम... आहात ना?"

"आहे. बोला."

"नको म्हणून सांगितलं तर चार-दोन महिने शांतता मिळेल. कायमचा नंबर काढायचा तर मशीनमध्ये एकच खूण आहे. म्हणजे... साहेबच जर नसतील, तर."

हे शेवटचं त्यानं फार हळू म्हटलं.

आता एवढंच तर सांगायचं होतं. यज्ञेश्वर आगाशे दोन वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका सकाळी, वर्तमानपत्र वाचता वाचता गेले होते. एक शब्द उच्चारला की कटकट संपली. कादंबरीनं तोंड उघडलं.

"बाहेर गेलेत," ती म्हणाली. "पुढच्या गुरुवारी करा."

आणि रिसीव्हर ठेवून कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली. आपण हे काय बोललो, तिचं तिलाच कळेना.

आईला विचारायची सोयच नव्हती. ह्या दोघींनी आपापसात तो शब्द कधी उच्चारलाच नव्हता. नातेवाईक म्हणाले, गुरुजी म्हणाले, पेन्शनच्या कचेरीत म्हणावं लागलं. घरात मात्र "त्या पावसाळ्यात" किंवा "ते झालं तेव्हा" एवढ्यावर भागायचं. आई, म्हणजे आनंदीबाई, काही भ्रमिष्ट नव्हत्या बरं का. दिवसकार्य त्यांनी डोळे कोरडे ठेवून पार पाडलं होतं. पण पुढच्याच आठवड्यात कादंबरीनं स्वयंपाकघरातून ऐकलं.

"नाहीत हो आत्ता. पर्वतीला गेलेत. ह्या वयात चढायचं असतं का? मी सांगून थकले. ऐकतील तर शपथ."

आईचा तो वैतागलेला, नांदत्या बाईचा आवाज कादंबरीनं त्या सकाळनंतर ऐकला नव्हता. तिनं नळ मोठा सोडला आणि ओट्याशी उभी राहून रडून घेतलं.

गुरुवारी फोन आला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही आला. नंतर करा असं ज्यानं लिहून घेतलं, त्याच्याकडेच तो फोन परत जायचा. पलीकडे सगळं बोलणं रेकॉर्ड होत असे, त्यामुळे दिग्विजयला जे काही बोलायचं ते कंपनीच्या भाषेत बसवून बोलावं लागे.

"साहेब आहेत का?"

"नाहीत. बाहेर गेलेत."

"मग तोवर आपल्याला एका ऑफरची माहिती देऊ?"

"द्या. तुमचा पगार त्याचाच आहे."

"मॅडम, आत्ता आमच्या ऑफिसच्या खिडकीतून पाऊस दिसतोय. समोर एक आजोबा छत्री उलटी झाली म्हणून छत्रीवरच चिडलेत. ही सेवा ग्राहकांसाठी मोफत आहे."

"अटी लागू असतील."

"एकच अट. ग्राहकानं हसायचं."

"ग्राहक पुण्याचे आहेत. अट कडक आहे."

पण ती हसायची... मग तो घसा खाकरून व्याजदर सांगायला लागायचा.

हळूहळू कळत गेलं. तो अकोल्याकडचा, मूर्तिजापूरचा. गावाकडे आई शाळेत पोषण आहार शिजवते. कर्वेनगरातच चार गल्ल्या सोडून तो कॉट बेसिसवर राहतो. खोलीत सहा जण आणि आरसा एक. नळ स्टॉपला चष्म्याच्या दुकानावर त्याचं ऑफिस, सहाला सुटतं.

"मॅडम, ग्राहक अभिप्राय म्हणून विचारतो. तुमच्या पुण्यात वरणात गूळ काऊन टाकतात?"

"दिवसभर कडू बोलायचं असतं. पोटात तरी गोड हवं."

"वरती कळवतो," तो म्हणाला, आणि त्याचं हसू त्याला काही आवरता आलं नाही.

चार गल्ल्यांचं तर अंतर. कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणताना सहज भेट झाली असती. पण भेटू या असं तो म्हणत नव्हता आणि तीही म्हणत नव्हती. फोनवर बाबा बाहेर गेलेले होते. समोरासमोर बसून माणसाच्या डोळ्यांत बघून तेच म्हणायचं, हे काही कादंबरीला जमणारं नव्हतं. आणि खरं सांगून टाकलं तर मशीनमधून नंबर जाणार, नंबर गेला की गुरुवार जाणार. प्रेमात पडलेल्या माणसाला असले हिशेब फार लवकर सुचतात.

एकदा फोन यायच्या आधी ती आरशासमोर उभी राहून टिकली सारखी करत होती. फोनसाठी टिकली. स्वतःचंच हसू आलं, आणि मग एकदम कसंसंच झालं. आपल्याला कोणाशी तरी दोन शब्द गोड बोलता यावेत म्हणून आपण बाबांना बाहेर धाडतोय, असं तिच्या मनात आलं. त्या दिवशी ती फोनवर धड बोलली नाही. तरी शेवटी "पुढच्या गुरुवारी" म्हणालीच.

त्या पुढच्या गुरुवारी हिंजवडीहून अचानक बोलावणं आलं. एक बैठक होती, कोणी जपानी पाहुणे आले होते. बैठकीत तिचं लक्ष नव्हतं. परतीची कंपनीची बस वाकडला अडकली ती अडकलीच. घरी पोचेस्तोवर दिवेलागण झाली. आई घेवडा मोडत बसली होती.

"फोन आला होता का गं?" चपला काढता काढता कादंबरीनं विचारलं. आवाज अगदी सहज ठेवून.

"आला होता की."

"कोणाचा?"

"तुला ठाऊक आहे कोणाचा." आईनं शेंगेचा दोर ओढून बाजूला टाकला. "मी सांगितलं त्याला."

"काय?"

"म्हटलं, अहो, ते वारले. दोन वर्षं झाली. नंबर काढून टाका."

कादंबरी तिथेच जमिनीवर बसली. "का पण?"

"का म्हणजे? खरं आहे म्हणून." आनंदीबाईंनी ताट बाजूला सारलं. "हे बघ, मी म्हणायचे ते माझ्यापुरतं होतं. कोणीतरी साहेब आहेत का विचारायचं, मला दोन मिनिटं बरं वाटायचं. वेडेपणाच, पण माझा होता. मागे एकदा तुला ऐकलं. बाबा बाहेर गेलेत म्हणालीस आणि हसलीस. मला ते ऐकवेना. मी दाराकडे डोळे लावून बसले तर एक वेळ चालेल. चाळीस वर्षांचा संसार होता माझा. तू कशाला बसायचंस?"

कादंबरीनं बाजूला पडलेला दोर उचलून बोटाभोवती गुंडाळला. मग तिनं विचारलं, "तो काय म्हणाला?"

"काही नाही. मग म्हणाला, मावशी, जेवलात का?" आईनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. "तोपर्यंत मी बरी होते."

तिनं घेवड्याचं ताट पुन्हा पुढे ओढलं. मग म्हणाली, "त्याच्याशी बोलायचं असेल तर बोल. माझं काही म्हणणं नाही. पण तुझ्या नावावर बोल, ह्यांच्या नावावर नको."

नंतरच्या गुरुवारी फोन वाजला नाही. शुक्रवारीही नाही. घरात हवी होती तेवढी शांतता झाली आणि कादंबरीला ती खायला उठली. तो आपणहून फोन करणार नाही, हे तिला कळत होतं. ज्या घरात मरणाची गोष्ट निघाली, तिथे गप्पा मारायला फोन करणाऱ्यांतला तो नव्हता. म्हणूनच तर तो आवडला होता.

सोमवारी साडेपाचला तिनं साडी बदलली. आईनं कुठे निघालीस असं विचारलं नाही. नुसती छत्री आणून हातात दिली.

नळ स्टॉपला परतीचा पाऊस बारीक लागला होता. चष्म्याच्या दुकानाशेजारच्या जिन्यातून सहाच्या सुमाराला मुलामुलींचा घोळका खाली उतरला. नावावरून कादंबरीनं कोणी आडदांड गडी मनात धरला होता. पण "हाव, तुम्ही व्हा पुढं" असं ज्याच्या तोंडून आलं तो किडकिडीत होता, चष्मा लावलेला, शर्टाच्या बाह्या दुमडलेला.

"दिग्विजय?"

तो वळला. एवढ्या एका शब्दावरून त्यानं ओळखलं. "बाप्पा," तो म्हणाला, आणि घोळक्यातून बाजूला आला.

रिक्षात बसल्यापासून तिनं एक चांगलं तिरकस वाक्य जुळवून ठेवलं होतं. ते आलंच नाही.

"मी कादंबरी आगाशे," ती म्हणाली. "माझे बाबा गेले. दोन वर्षांपूर्वी गेले. बाहेर नाही... गेलेत ते." आणि भर रस्त्यात, बसला धावणाऱ्या माणसांचे धक्के खात, तिला रडू फुटलं. दोन वर्षं थोपवलेलं सगळं एकदम आलं.

त्यानं रडू नका म्हटलं नाही. वाईट झालं, असंही म्हटलं नाही. तिच्या हातातली मिटलेलीच छत्री घेतली, उघडली आणि तिच्या डोक्यावर धरली. मग विचारलं, "काय झालं होतं त्यांना?"

हे तिला कितीतरी दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं. ती सांगायला लागली. त्या सकाळी त्यांना दुसऱ्यांदा चहा हवा होता, आईनं कुरकुर केली होती, आई कपबशी घेऊन आली तोवर... सांगता सांगता दोघं कर्वे रस्त्यानं चालू लागले. बाबा कसे हसायचे, भाजीवाल्याशी कशी घासाघीस करायचे आणि शेवटी त्याच्याच भावात कसे घ्यायचे, सगळं. तो मधे मधे एखादा प्रश्न विचारत होता. त्याचा एक खांदा पार भिजला होता. कर्वे पुतळा आला तेव्हा ती थांबली.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?"

"हाव. पहिल्याच दिवशी कळलं मले. आवाजावरून."

"मग तेव्हाच नंबर का नाही काढलात?"

"ते घरच्या माणसानं म्हणायचं असते. मी कोण म्हणणारा?" तो रस्त्याकडे बघत राहिला. कान लाल झाले होते. "अन् खरं सांगू काय... मले काढायचाच नव्हता. तुमचा आवाज ऐकला की तो सगळा दिवस बरा जायचा. आठवडाभर मी गुरुवारचीच वाट पाहत होतो."

"मीसुद्धा," कादंबरी म्हणाली. इतकं सोपं होतं ते. तिनं डोळे पुसले आणि पर्समध्ये पेन शोधायला लागली. "मशीनमधून तर नंबर गेला असेल. थांबा, लिहून देते."

"राहू द्या," तो म्हणाला, आणि शून्य-वीसपासून सुरुवात करून अख्खा नंबर त्यानं तोंडपाठ म्हणून दाखवला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. छत्रीवर पाऊस वाजत होता.

"गुरुवारी करू?" त्यानं विचारलं.

"उद्याच करा."