सतरावं कडवं

नाझे मावशींकडे मी पहिल्यांदा गेले ती एका बुधवारी सकाळी. यरुशलेमच्या कातामोन वस्तीतली जुनी इमारत, तिसरा मजला, जिन्यात भाजलेल्या वांग्यांचा वास कोंडलेला. माझ्या हातात टेपरेकॉर्डर होता, पिशवीत साठ मिनिटांच्या दोन कॅसेटी होत्या आणि डोक्यात निष्कर्ष तयार होता.

तेव्हा मी एकेचाळीस वर्षांची होते. विद्यापीठात जुने हिब्रू ग्रंथ शिकवायचे. यरुशलेम पडल्यावरच्या पाच विलापांवर माझं पुस्तक जवळजवळ लिहून झालं होतं. परंपरा सांगते, ते एका संदेष्ट्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहिले. माझं म्हणणं होतं, ते दूर बाबेलात मेजाशी बसून कुणा लेखनिकाने रचले आणि त्याने ते जळतं शहर कधी पाहिलंच नव्हतं. पुरावा साधा होता. पाचातल्या चारांत हिब्रूच्या बावीस मुळाक्षरांचा क्रम, प्रत्येक कडव्याची सुरुवात पुढच्या अक्षराने. रडणारं माणूस मुळाक्षरं मोजत बसत नाही. मग त्यातले ते बारीकसारीक, अंगावर येणारे तपशील? 'तपशील म्हणजे साक्ष नव्हे,' असं मी लिहिलं होतं. त्या वाक्याचा मला अभिमान होता.

तुलनेसाठी मला खरोखरची रडणारी बाई हवी होती. इराकमधल्या झाखोकडून आलेल्या कुर्दी ज्यूंमध्ये मयताला विलाप म्हणणाऱ्या बायका असत. त्यातली शेवटची नाझे मावशी, असं मला कोणीतरी सांगितलं.

दार त्यांच्या मुलीने, मझलने उघडलं. "आई, युनिव्हर्सिटी आली बघ," ती आत ओरडली आणि मला म्हणाली, "चपला राहू द्या, बाई. फरशी अजून पुसायचीय."

मावशी खिडकीशी गादीवर बसल्या होत्या. डोक्याला पांढरा रुमाल, हातात चहाचा ग्लास. लिहिता-वाचता येत नव्हतं, सहीच्या जागी अंगठा.

"कोण गेलं तुझं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. मला नुसतं ऐकायचंय. शहरासाठी म्हणा हवं तर, यरुशलेमसाठी."

"शहराला कोण रडतं गं? विटांना?" त्या हसल्या. "नाव दे. नावाशिवाय येत नाही."

मी घड्याळ बघितलं. बाराला माझा तास होता. मी वडिलांचं नाव दिलं, पिन्हास.

वडील सहा वर्षांपूर्वी गेले होते. त्या आठवड्यात मी हॉलंडला एका परिषदेत होते. रविवारी माझा भाऊ अव्नेर याचा फोन आला, "ये." मी म्हटलं, गुरुवारी माझा निबंध आहे, तो वाचला की निघते. वडील मंगळवारी गेले. आमच्यात दफन लांबवत नाहीत, मी तशीही पोचले नसते, असं मी स्वतःला समजावलं आणि गुरुवारी निबंध वाचला. टाळ्या पडल्या.

मावशींनी ग्लास खाली ठेवला आणि डोळे मिटले. आवाज चढवला नाही, पण खोलीतली बाकीची हालचाल थांबली. मझल दारात ओला फडका घेऊन उभी राहिली. मला ग्रंथांतली जुनी अरामी येत होती, मावशींची झाखोची अरामी बोली मात्र येत नव्हती. तेव्हा अर्धंही कळलं नाही. मी शांत होते. टेप चालू होती. मध्ये एक बाजू संपली, मी कॅसेट उलटवली. मावशी थांबल्या नाहीत.

निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. "पाणी पी," एवढंच म्हणाल्या.

शब्द उतरवायला सोळा दिवस लागले. झाखोचे एक निवृत्त शिक्षक एकेका ओळीचा अर्थ सांगायचे, मी लिहून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की कडवी मुळाक्षरांच्या क्रमाने चालली आहेत. मी पेन्सिल खाली ठेवली. मग स्वतःला म्हटलं, ऐकून ऐकून साचा बसला असेल. तसं टिपूनही ठेवलं.

अकरावं कडवं असं होतं: एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा, उघडा पाय गार पडला हे कोणी बघितलं नाही.

सोळावं असं: आज गुरुवार का, त्याने विचारलं. तीनदा विचारलं. हो, गुरुवार, मुलगा म्हणाला. मंगळवार होता.

शिक्षक म्हणाले, "हे विलापात कधी ऐकलं नव्हतं, वाराचं नाव."

मी त्यांच्याकडून उठले आणि कोपऱ्यावरच्या टपालघरातून अव्नेरला फोन केला. बाबांनी शेवटी वार विचारला होता का, एवढंच विचारलं.



"तुला कोणी सांगितलं?"

"विचारला होता का?"

"तू गुरुवारनंतर येणार हे मीच त्यांना सांगितलं होतं. मग सारखं तेच. शेवटी म्हटलं, हो बाबा, गुरुवार आहे आज, निघाली असेल ती. खोलीत मी एकटाच होतो, यिस्का. मी हे बायकोलाही सांगितलेलं नाही."

"मग? त्यावर काय म्हणाले?"

"ओठ हलले. ऐकू आलं नाही मला. मी डॉक्टरांना हाक मारायला धावलो. परत आलो तेव्हा संपलं होतं."

घरी येऊन मी टेप पुन्हा लावली. सोळावं कडवं मंगळवारपाशी संपत होतं, आणि तिथेच पहिली बाजूही. दुसरी बाजू सुरू होत होती ती थेट अठराव्या अक्षराने.

दुसऱ्या दिवशी तास रद्द करून मी कातामोनला गेले. मावशी तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, सतरावं राहिलं."

"राहिलं कुठे? म्हटलं की मी."

"टेपवर नाहीये."

"तू त्या डबीत डोकं घालून बसली होतीस." त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "मी तुझ्याकडेच बघून म्हणत होते."

"पुन्हा म्हणा ना. एवढंच. एकच कडवं."

"मला कुठे येतं ते?"

"तुम्हीच तर रचलंत!"

"मी? मला सही येत नाही, बाई."

"मग रचलं कोणी? तुम्ही तिथे नव्हतात. तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी सूप मांडीवरून उतरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. त्याचंच वाईट वाटलं.

"नव्हते मी. तूही नव्हतीस. म्हणून तर म्हणायचं असतं. जे तिथे होते त्यांना कशाला सांगायचं?"

मझल आतून म्हणाली, "आई, रडवू नकोस त्यांना." मी रडत नव्हते. रडता आलं असतं तर बरं झालं असतं.

वीस वर्षं मी हेच तीन प्रश्न विचारत आले होते: कोणी लिहिलं, कोणासाठी, कशासाठी. त्यातल्या दोनांची उत्तरं तांदूळ निवडता निवडता मिळाली होती. पुस्तक अजून छापखान्यात जायचं होतं, बदल करता आला असता. मी प्रकाशकाला पत्र लिहिलं, फाडलं. काय लिहिणार होते? मावशींबद्दलची तळटीप तशीच गेली: 'गायिका निरक्षर, तपशील पारंपरिक.' पुस्तकाचं कौतुक झालं. त्याची एक प्रत मावशींना नेऊन द्यावी असं मनात यायचं, आणि मग लाज वाटायची. मी गेले नाही.

शरदातला आमचा मांडवांचा सण उलटला आणि वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. मावशी गेल्या होत्या.

सुतकाच्या चौथ्या दिवशी, दुपारी, मी तो जिना चढले. आरसा चादरीने झाकलेला. पाच-सहा बायका भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या. मझल मधोमध, ब्लाउजचा गळा रीतीप्रमाणे फाडलेला. मला बघून ती उठली नाही, तशी रीतही नसते.

"मी नव्हते, बाई," ती म्हणाली. "तिकडे दक्षिणेला, एलातला होते, हॉटेलच्या कामावर. ती म्हणाली होती, जा, मी बरी आहे."

मी तिच्यासमोर बसले.

"तिच्यासाठी म्हणायलाही कोणी उरलं नाही," एक म्हातारी पुटपुटली.

सांत्वनाचं ठरलेलं वाक्य असतं आमच्यात. ते बोलायला मी श्वास घेतला.

तेवढ्यात कोणीतरी म्हणायला लागलं.

हळू आवाजात. झाखोच्या बोलीत. मला शब्द कळत नव्हते, पण पहिल्या कडव्याचं अक्षर ओळखू आलं, मग दुसऱ्याचं. मला हायसं वाटलं. कोणीतरी शिकलं होतं तर.

कोण, ते बघायला मी मान वळवली. बायकांचे ओठ मिटलेले होते. सगळ्यांचे.

सातव्या अक्षरावर मझलचा चेहरा पांढरा पडला. ती गुडघ्यांवर पुढे सरकली, अगदी जवळ, एकही शब्द सुटू नये अशी.

ती माझ्या ओठांकडे बघत होती.