खाली बघणारा कॅमेरा

कोरा उनरू ज्वारीच्या उभ्या शेतातून वाट काढत आपलं रॉकेट शोधत होती, तेव्हा तिला आधी एक टोपी दिसली. टोपीखाली एक माणूस मांडी घालून बसला होता. त्याच्यासमोर, ताटांच्या दाटीत, तिचं पिवळं रॉकेट आडवं पडलं होतं आणि पॅराशूट कणसांना अडकून फडफडत होतं.

"हात लावलेला नाही," तो घाईने म्हणाला. "नुसती सोबत केली."

कोराला बरं वाटलं. दुसऱ्याच्या पडलेल्या रॉकेटला हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम. पॅराशूट बाहेर फेकणारी दारू कधीकधी पेटायची राहून जाते आणि उचलणाऱ्याच्या हातात पेटते.

"तू आमच्या रॉकेट क्लबातला नाहीस," ती म्हणाली.

"आजच आलोय. आल्डन थिबोडो. माझंही रॉकेट इथेच कुठेतरी पडलंय. ते काही सापडेना, हे सापडलं."

"मग स्वतःचं शोधायचं सोडून इथे काय बसलास?"

"उठून गेलो असतो तर तुला दिसलं नसतं. टोपी तरी दिसली ना?" तो जरा घुटमळला. "एक विचारू? कॅमेऱ्याचा दिवा का लागलेला नाही?"

कोराने वाकून पाहिलं. रॉकेटच्या कुशीत बसवलेला, खाली बघणारा तो चिमुकला कॅमेरा अगदी शांत होता. ढगांच्या जवळ जाऊन आलेलं रॉकेट, आणि ती बटण दाबायलाच विसरली होती!

"कुणाला सांगू नकोस," ती म्हणाली.

"बदल्यात काय?"

"तुझं रॉकेट शोधायला मदत."

ते सापडेपर्यंत कॅन्ससचा तो लांबलचक सप्टेंबरी दिवस कलला होता. दोघांपैकी कुणालाच त्याचं वाईट वाटलं नाही.

आल्डन मूळचा मेन राज्यातला, समुद्रकाठचा. पूर्वेकडच्या टेकाडांवर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या, त्यांच्यावर चढून काम करणाऱ्या टोळीत तो होता. कोरा गावच्या धान्यकोठारात काट्यावर बसायची. दिवसभर खिडकीतून ट्रकवाल्यांना वजनं सांगायची. मोजकं बोलायची सवय तिला तिथेच लागली असावी. क्लबात उलटी गणती करायचं कामही त्यामुळेच तिच्याकडे आलं होतं. माइकवर तिचा आवाज कधी हलत नसे.

ऑक्टोबरच्या उड्डाणांच्या दिवशी क्लबच्या जेवणात नेहमीप्रमाणे खिमा-राजम्याची तिखट चिली आणि दालचिनीचे गोड रोल होते. आल्डन ताटलीकडे बघतच राहिला.

"हे दोन्ही एकत्र?"

"रोल चिलीत बुडवायचा."

"तुम्ही लोक ठीक आहात ना?"

"खाऊन तर बघ. समुद्रातले किडे उकडून खाणाऱ्याने नाक मुरडू नये."

"लॉबस्टर म्हणतात त्याला, कोरा."

"तेच ते."

त्याने रोल बुडवून खाल्ला. मग दुसरा घेतला. तिसऱ्याला कोराने त्याच्या हातावर चापट मारली... आणि हात मागे घ्यायला तिला थोडा उशीरच झाला.

नोव्हेंबरात ज्वारी कापून झाली आणि शेवटची पवनचक्कीही उभी राहिली. त्या महिन्याच्या उड्डाणांना आल्डन आला तो गप्प गप्पच होता. कोरा टेबलावर मोठं रॉकेट जुळवत होती. तिने गेला हिवाळाभर खपून बांधलेलं, तिच्याहून उंच असलेलं.

"टोळी उत्तरेला डाकोटात चाललीय," तो म्हणाला. "मला विचारलंय, बरोबर येतोस की इथे देखभालीला राहतोस? सोमवारी उत्तर द्यायचंय."

कोराच्या हातातला पाना थांबला. एक शब्द ओठांपर्यंत आला होता. पण चार वर्षं जागच्या जागी बसून दुसऱ्यांची वजनं सांगणाऱ्या मुलीने कुणाला स्वतःपाशी थांब म्हणावं—कुठल्या हक्काने?

"विचार करून ठरव," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला. "विचार करून."

इतक्यात क्लबचे प्रमुख, म्हातारे हार्लन वेडल, यांनी तिला माइकवर बोलावलं. ती गेली आणि पुढची चार रॉकेटं तिने उडवली. एकदा, फक्त एकदाच, तीननंतर तिने पुन्हा तीन म्हटलं. लोकांनी वळून पाहिलं.

तोवर आल्डन तिचं रॉकेट उचलून रांगेत जाऊन बसला होता. उड्डाणं थांबवून रेंज बंद झाल्यावर, म्हणजे मैदानात जायला मोकळीक मिळाल्यावर, दोघांनी मिळून ते दूरच्या पॅडवर उभं केलं. ऊन इतकं लख्ख होतं, की कॅमेऱ्याचा दिवा दिसणं शक्यच नव्हतं. पण या वेळी ती विसरली नाही. बटण ठासून दाबलं.

"लावला बरं का," ती म्हणाली.

आल्डनने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण वाऱ्याने त्याची टोपी उडाली आणि तो तिच्यामागे पळाला.

रॉकेट वर गेलं ते बघण्यासारखं होतं. आधी ज्वाळा, मग छातीत घुमणारा आवाज, मग निळ्यात पांढरी रेघ. पुष्कळ वेळाने लाल पॅराशूट उमललं, आणि रॉकेट कापलेल्या शेतात अलगद येऊन टेकलं. गाड्यांचे हॉर्न वाजले. कोराने ते उचलून आणलं आणि आल्डन रॉकेट उभं धरणारी तिची लोखंडी पट्टी सोडवून आणायला पॅडकडे गेला.

क्लबच्या व्हॅनमध्ये पडदा होता. ज्याच्या रॉकेटवर कॅमेरा, त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी मिळून बघायचा, ही इथली रीत. हार्लनची बायको व्हर्ला कॉफीचा थर्मास घेऊन पुढेच बसली.

पडद्यावर बूट दिसले. मातकट, पुरुषी बूट, आणि त्यांच्याभोवती ज्वारीचे खुंट.

"हे आकाश आहे होय?" कुणीतरी म्हणालं.

"श्शू. बूट बोलतायत," व्हर्ला म्हणाली.

"ऐक, राजा," आल्डनचा आवाज आला. रांगेत बसून तो रॉकेटशी बोलत होता. "तुझी मालकीण म्हणते, विचार करून ठरव. विचार केव्हाच झालाय रे. ज्वारीत बसलो होतो तेव्हाच. ती राहा म्हणाली तर मी राहीन. पण तिला कसं सांगू, की बाई, राहा म्हण?" मागून, दुरून, माइकवरचा कोराचा आवाज ऐकू आला: तीन... तीन... बूट हलले. "बघ, आज तिचं लक्ष नाहीये. तू मात्र नीट परत ये. तुझं काही बिघडलं की ती जेवत नाही."

पुढे पॅड दिसला, कोराचं बोट दिसलं, आणि पडदा काळा झाला. उड्डाणाचं एक चित्रसुद्धा नव्हतं.

व्हर्लाने सावकाश हात पुढे केला आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला.

कोरा उठली.

"कोरा, रेंज उघडायचीय," हार्लन म्हणाले. "लोक खोळंबलेत."

"थांबा थोडं. मी बाहेर जातेय."

"अगं, तुझं रॉकेट तर आलंय परत."

"रॉकेटसाठी नाही जात."

हार्लननी माइक उचलला. "रेंज बंद आहे," त्यांनी गंभीरपणे जाहीर केलं. "किती वेळ, ते विचारू नका."

आल्डन पॅडवर गुडघे टेकून बोल्ट सोडवत होता. ती येताना दिसली तसा तो उठला.

"काय झालं? व्हिडिओ आला?"

"आला."

"आकाश कसं आलंय?"

"तुझे बूट आलेत."

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि हातातला पाना खाली पडला. "तू विसरशील म्हणून मी टेबलावरच... लावला होता."

"आणि मी इथे बंद केला. लावतेय असं समजून."

"म्हणजे तुझं उड्डाण—"

"गेलं."

"कोरा, हिवाळाभर खपून बांधलंस तू ते. मला इतकं—" तो थबकला. त्याचे कान तांबडे झाले. "आवाज होता का त्यात?"

"होता."

"कुणी ऐकला?"

"सगळ्यांनी. व्हर्लाने दोनदा."

तो तिथेच खाली बसला. वारा खुंटांमधून सळसळत गेला. कोरा त्याच्याशेजारी बसली. तिने पॅडवरच्या काजळीत बोट फिरवलं.

"मला वाटलं होतं... मला हक्क नाही," ती म्हणाली. "म्हणजे, मी कोण तुला..." तिने श्वास घेतला. "राहा, आल्डन."

तो तिच्याकडे वळून बसला.

"सोमवारी—" त्याने सुरुवात केली.

"आत्ता फोन कर."

"शनिवारी तिथे कोण उचलणार?"

"मग निरोप ठेव."

काजळीच्या बोटांनी त्याने फोन काढला. "थिबोडो बोलतोय. मी इथेच राहतोय. कारण..." त्याने तिच्याकडे पाहिलं. "कारण नंतर सांगतो. आत्ता ते माझ्याकडे बघतंय."

दूरवर एका गाडीचा हॉर्न वाजला. मग सगळ्यांचेच वाजू लागले. दोघांनी पट्टीची दोन टोकं धरली आणि परत निघाली.

"रेंज उघडायची असेल त्यांना," आल्डन पावलं उचलत म्हणाला.

"हळू चाल," कोरा म्हणाली. "थांबू देत."