एकतर्फी चार्ज

आमच्या प्रयोगशाळेत तराजूची खोली सगळ्यात आत आहे. तिला खिडकी नाही, पंखा नाही आणि मे महिन्यातही तिथे कूलर लावत नाहीत, कारण वाऱ्याने तराजूचा शेवटचा आकडा हलतो. जाड दगडी ओट्यावर काचेच्या पेटीत तराजू ठेवलेला असतो. बाजूला लोखंडी कपाट. बाहेरच्या मोठ्या खोलीत गावोगावहून आलेले पाण्याचे नमुने, दिवसभर घरघरणारा कूलर, ओल्या वाळ्याचा वास आणि सरकारी नोकरांच्या न संपणाऱ्या चौकश्या: बदल्यांवरची बंदी कधी उठणार, महागाई भत्ता कधी लागणार, परिवीक्षेत असताना रजा मिळते का.

माझे बाबा, जयंत काटकर, या प्रयोगशाळेत वरिष्ठ सहायक होते. आजोबा फलटणकडचे. फौजेत सुभेदार होते, जयपूरच्या छावणीतून निवृत्त झाले आणि मुरलीपुऱ्यात घर बांधून इथेच राहिले. म्हणून बाबा राजस्थान सरकारच्या नोकरीत. गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर ते बसथांब्यावर उभ्या उभ्या कोसळले. ऑफिसातून निघाले होते, घरी पोचले नाहीत.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. पुढे संशोधन करायचं होतं. एप्रिलमध्ये अनुकंपा नियुक्तीचा आदेश आला आणि मी बाबांच्याच प्रयोगशाळेत रुजू झाले.

पहिल्या दिवशी आस्थापना शाखेतले उत्तमचंद बाबूजी मला म्हणाले, "सब हो गया बेटा, बस तराजूवाले कमरे का चार्ज बाकी है."

चार्ज म्हणजे काय ते सरकारी घरात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. जाणारा माणूस आपल्या ताब्यातल्या वस्तू येणाऱ्याच्या ताब्यात देतो आणि मगच मोकळा होतो. आमच्याकडे त्या लोखंडी कपाटात प्लॅटिनमची एक वाटी आहे. चार्ज देताना दोघांनी ओट्याच्या दोन बाजूंना उभं राहायचं, वाटीचं वजन करायचं, आकडा जुळला की देणाऱ्याने किल्ल्या ठेवायच्या आणि घेणाऱ्याने उचलून "लिया" म्हणायचं. मग घेणारा देणाऱ्याला चहा पाजतो. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, पण कोणी मोडत नाही.

"पण बाबा तर..." मी म्हणाले.

"तो एकतरफा ले लो. दो गवाह खड़े कर देंगे." बाबूजींनी चष्मा वर सरकवला. "सरकारी नौकरी में आदमी चला जाता है, चार्ज नहीं जाता."

"और मरना हो तो पंद्रह दिन पहले अर्ज़ी लगाओ," सुरुची मॅडम मागून म्हणाल्या, "वरना बाबूजी नाराज़ हो जाते हैं." त्या आमच्या वरिष्ठ केमिस्ट. बोलून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला. नंतर डब्यात आणलेल्या घेवर मिठाईचा अर्धा तुकडा त्यांनी माझ्या ताटलीत ठेवला.

घरी मी आईला चार्जचं सांगितलं. बाबांच्या कपड्यांबरोबर हॉस्पिटलातून किल्ल्यांचा जुडगा परत आला होता. तो तिने देवघरात ठेवला होता.

"एवढी घाई कशाला?" आई म्हणाली. "घे सावकाश."

"घ्यावाच लागेल ना गं, मतलब, कधीतरी."

"तेच म्हणते. कधीतरी." तिने किल्ल्या दिल्या, पण आधी पदराने पुसल्या. "आणि तनू, जाऊन दही आण."

ऑफिसातून येऊन मी पायांतल्या चपला काढायच्या आत ती मला रोज दह्याला पिटाळायची. परत येईपर्यंत अंगणातल्या दोरीवर बाबांचा एक रुमाल वाळत घातलेला असायचा. ॲसिडचे थेंब उडून भोकं पडलेला. त्यांचे सगळे रुमाल तसेच होते. फलटणहून मामा फोन करायचा, ताई, चल इकडे, तिथे कोण आहे तुझं? आई म्हणायची, इथंच बरं आहे. तेराव्यानंतर ती रडली नव्हती. मी समजून घेतलं होतं. प्रत्येकाची रीत वेगळी.

प्रयोगशाळेत मला पहिल्यांदा खटकला तो बीकर. सकाळी तराजूच्या खोलीत गेले तर ओट्यावर फिल्टर पेपरच्या घडीवर एक बीकर उपडा, चोच भिंतीकडे करून ठेवलेला. कागद ओला होता. आमच्याकडे सगळे जण बीकर धुऊन फळीवर सरळ ठेवतात. उपडा आणि चोच भिंतीकडे, ही सवय एकाच माणसाची होती. घरी आंघोळीचा तांब्याही ते तसाच ठेवायचे. मला वाटलं, त्यांचं पाहून कोणीतरी उचलली असेल. कोणी, ते मी विचारलं नाही.

मग तराजू. रिकाम्या तराजूचा आकडा शून्यावर थांबायला हवा. सकाळी थांबायचा. जेवणाच्या सुट्टीनंतर थांबत नसे. शेवटचा आकडा हळूहळू वर चढायचा, उतरायचा, परत चढायचा. याला कारण असतं. माणूस जवळ उभा राहिला की अंगाच्या उबेने पेटीतली हवा हलते, म्हणून आम्ही वजन करताना मागे सरून उभे राहतो. मी पातळी तपासली. विजेचा दाब तपासला. दाराच्या फटीला चिकटपट्टी लावली. शेवटी मी खोलीबाहेर थांबले आणि दाराच्या काचेतून फोनवर चित्रीकरण केलं.

चित्रफितीत खोली रिकामी होती. आकडा हलत होता.

सुरुची मॅडमना दाखवलं. त्यांनी फोन हातात घेतला नाही, लांबूनच पाहिलं.

"जेवणानंतर ना?" त्या म्हणाल्या. "काटकरजी उसी टाइम वज़न करते थे." मग आवाज खाली आणून, "दिवाळीपासून असंच आहे. म्हणून तर आम्ही कोणी चार्ज घेतला नाही." आणि लगेच त्यांनी नर्सरीत जाणाऱ्या नातवाचा विषय काढला.

मी घाबरले असते तर बरं झालं असतं. मी घाबरले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पटकन डबा संपवून त्या खोलीत स्टुलावर बसायला लागले. आत लवंगेचा मंद वास यायचा. बाबा दुपारी लवंग चघळायचे. मी ओट्यापासून दूर, भिंतीला टेकून बसायचे आणि हळू आवाजात सांगायचे, नेटची परीक्षा द्यायची आहे पण रजा मिळेल असं वाटत नाही, आई जेवते नीट पण बारीक झाली आहे, शेजारच्यांनी आपल्या कडुनिंबाच्या फांद्या छाटल्या. आकडा हलत राहायचा. मी गप्प झाले की बराच वेळ स्थिर राहायचा, जणू कोणी वाकून ऐकण्यासाठी थांबलं आहे. याला मी उत्तर म्हणत नाही. जे दिसलं ते सांगते.

मोठेपणी बाबा आणि मी एवढं कधी बोललो नव्हतो.

मे संपत आला आणि बदल्यांवरची बंदी उठली. ऑफिसात दुसरा विषय उरला नाही. कोणाला कोटा शहर हवं होतं, कोणी बाडमेरहून परत येण्यासाठी सिव्हिल लाइन्समधल्या मंत्र्यांच्या बंगल्यांच्या चकरा मारत होतं. एका दुपारी उत्तमचंद बाबूजींनी मला बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"तू अजून चार्ज घेतला नाहीस. वर ही जागा रिकामी दिसते आहे," ते म्हणाले. "बीकानेरचा एक जण डोळा ठेवून आहे. तो इथे येईल आणि तू जैसलमेरला जाशील. साहेबांनी मला दोनदा विचारलं. उद्यापर्यंत चार्ज घेतलास तर मी सांभाळून घेतो."

"माझी आई इथे एकटी आहे, बाबूजी."

"वही तो कह रहा हूँ."

त्या दुपारी मी स्टुलावर बसले, पण मला काही सांगता येईना. आकडा हलत होता. माझी वाट बघत असावा तसा. मी मनातल्या मनात हिशोब मांडला, जसा प्रयोगात मांडतात. एका बाजूला दुपारची ही वेळ. दुसऱ्या बाजूला आई, मुरलीपुऱ्यातलं घर, संध्याकाळी तिच्या समोर कोणीच नाही. मला उत्तर ठाऊक होतं. बाबांनाही ते ठाऊक असणार.

"उद्या घेते, बाबा," मी म्हणाले. "आईसाठी घेते."

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर आम्ही तिघं आत गेलो. बाबूजी दाराशी उभे राहिले, सुरुची मॅडम त्यांच्या मागे, हातात दोन कप चहा घेऊन. दोन कशाला, असं बाबूजींनी विचारलं नाही.

मी कपाट उघडलं, वाटी चिमट्याने उचलली आणि तराजूत ठेवली. किल्ल्या ओट्याच्या पलीकडच्या बाजूला ठेवल्या, देणारा जिथे उभा राहतो तिथे. मग काच सरकवून मागे झाले.

आकडा थांबेना.

चढला. उतरला. बाबूजी खाकरले. "पंखा कुठे चालू आहे का?"

"इथे पंखा नाही," मॅडम म्हणाल्या.

लवंगेचा वास एकदम दाट झाला. माझ्या डाव्या हाताला, फार जवळ.

मी लहान असताना बाबा मला इथे आणायचे. वजन बघायचं असेल तर श्वास धरायचा, म्हणायचे. मी गाल फुगवून उभी राहायचे. ते हसायचे आणि त्या हसण्याने आकडा हलायचा.

मी श्वास धरला.

आकडा उतरत आला. एक एक घर. आणि थांबला.

वाटीचं वजन जुळलं, शेवटच्या आकड्यापर्यंत.

मी ओट्याला वळसा घालून गेले आणि किल्ल्या उचलल्या. त्या खोलीत सगळं धातूचं सामान दुपारीही थंड असतं. किल्ल्या उबदार होत्या, दिवसभर खिशात राहिल्यासारख्या.

"लिया," मी म्हणाले.

मॅडमनी एक कप मला दिला, दुसरा ओट्यावर ठेवला. आम्ही तिघं बाहेर आलो. कोणी मागे पाहिलं नाही.

ऑफिस सुटण्याआधी मी एकदा आत डोकावले. कप भरलेला होता, वर साय धरली होती. वाटी उचलून कपाटात ठेवली, तराजूवर शून्य आलं. मी अगदी जवळ गेले. वाकले. काचेवर माझा श्वास उमटला, तेव्हा आकडा माझ्यासाठी हलला. मागे सरले तसा लगेच शून्यावर आला. बराच वेळ उभी होते. शून्यच.

नोकरी वाचली, असं मी बसमध्ये स्वतःला सांगत राहिले. आई एकटी पडणार नाही.

घरी पोचले तर आई पायरीवर बसली होती. दार सताड उघडं. आत, बाबांच्या खुर्चीशेजारच्या तिवईवर चहाचा कप झाकून ठेवलेला मला दिसला. तिने आज दह्याचं काही म्हटलं नाही. ती माझ्या खांद्यावरून रस्त्याच्या वळणाकडे बघत होती.

"बस चुकली असंल का गं?" ती म्हणाली.

"मी आलेय की."

"तू नाही." तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या किल्ल्यांकडे. "दह्याला गेलीस की येऊन बसायचे. बोलायचे नाहीत. चहा गार व्हायचा आणि उठून जायचे." तिने पदर मुठीत धरला. "जाताना मळका रुमाल ठेवायचे. रोज धुवायला टाकायचे तसा."

मी अंगणात पाहिलं. ऊन अजून उतरलं नव्हतं. दोरीवर नुसते चिमटे होते.