गाडी आधीच तापलेली होती

विश्वास ठेवा, असं मी म्हणणार नाही. माझ्या घरच्यांनीच ठेवलेला नाही. पण जे घडलं तेवढंच लिहितोय. एक शब्दही वाढवलेला नाही.

मी साईराज. गाव कडोली, बेळगावजवळ. गेल्या डिसेंबरातला तिसरा रविवार. पहाटेचे साडेपाच.

सौरव माझा चुलतभाऊ. चार वर्षांनी मोठा, मी त्याला अण्णा म्हणतो. फाउंड्रीत नोकरीला. ओव्हरटाइम करकरून त्यानं टर्बो इंजिनाची एक जुनी स्पोर्ट्स गाडी घेतली होती. दर रविवारी पहाटे आम्ही दोघं कणकुंबीच्या रस्त्याला जायचो. तिथं तो गाडी अशी पिळायचा की मी दोन्ही हातांनी सीट धरून बसायचो. पण निघण्याआधी दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवायचा.

"थंड इंजिनवर पाय दाबायचा न्हाय, साई. तेल गरम हुईस्तवर दम धर."

त्या महिन्यात सलग दोन रविवार एक विचित्र गोष्ट झाली.

अण्णानं बॉनेटला हात लावला... आणि झटकन मागं घेतला.

बॉनेट तापलेलं होतं.

बाहेर हाडं गोठवणारी थंडी. शेडच्या पत्र्यावरून दव ठिबकत होतं. गाडी रात्रभर बंद. चावी जयाकाकीच्या, म्हणजे अण्णाच्या आईच्या, कपाटात.

"कोणतरी आपल्या आधी गरम करून ठेवतंय रं," अण्णा म्हणाला.



म्हणून तिसऱ्या रविवारी आम्ही चारलाच शेडमध्ये जाऊन बसलो. चावी अण्णाच्या खिशात. बॉनेट गारठलेलं.

साडेपाचला गावातली कुत्री एकदम गप्प झाली.

मग... टिक.

लोखंड तापताना वाजतं ना, तसं.

टिक... टिक...

इंजिनाचा आवाज नाही. अण्णानं मोबाइलचा उजेड काचेतून आत टाकला. तापमानाचा काटा हळूहळू वर चढत होता.

आणि ड्रायव्हरची सीट मधोमध खचली होती... कुणी बसल्यासारखी.

"अण्णा, चल हितनं."

"माझी गाडी हाय ही. लई राबलोय मी हिच्यासाठी." त्याचा आवाज रडवेला झाला. "थांब, हँडब्रेक तेवढा ओढतो."

डावं दार उघडून तो आत शिरला.

दार लागलं.

मी हँडल ओढलं. दोन्ही हातांनी. गाडीला पाय लावून. आत अण्णा काचेवर थापा मारत होता. तोंड उघडं... पण आवाज काहीच येत नव्हता.

इंजिन एकदाच गरजलं. गाडी सुटली. मी मातीत आपटलो.

जयाकाकी बॅटरी घेऊन धावत आली. झोत सरळ माझ्या तोंडावर पडला.

"काकी, अण्णा आत अडकलाय!"

तिनं शेडभर नजर फिरवली.

"गेली व्हय दोघंबी, न सांगता," ती पुटपुटली. आणि आत वळली.

मी तिच्या मागं धावलो. ओरडलो. तिचा खांदा धरून हलवला... तिनं फक्त पदर सारखा केला आणि गॅसवर चहा ठेवला.

शेजारच्या भावकूमामाच्या दारावर मी मुठी आपटल्या. मामानं दार उघडलं. बाहेर बघितलं... आणि लावून घेतलं.

मी परत येऊन स्वयंपाकघराच्या दारात बसलो. दुसरं करणार तरी काय?

तासाभरानं काकीचा फोन वाजला. कणकुंबीजवळ गाडी झाडावर आदळली होती.

काकी किंचाळली. वळली... आणि मला बघून दचकली.

"तू कवा आलास? तू त्याच्यासंगं गेलतास नव्हं?"

अण्णा वाचला. डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

आठवड्यानं मला दवाखान्यात त्याला भेटू दिलं. मी त्याचा हात धरला. त्यानं काढून घेतला.

"किती वरडलो रं मी, साई. पाया पडलो तुझ्या. तू नुसता समोर बघत हुतास..."

"अण्णा, मी..."

"एकदाबी ब्रेकवर पाय ठेवला न्हाईस."

मी शपथा घेतल्या. त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोललेला नाही.

मी शेडमध्येच होतो. दार ओढत होतो.

पण मला तिथं बघितलेला एकही माणूस नाही.