ओल्या रंगाची पाटी

“उचला पाय! ओहोटी आहे तोवर अख्खा धक्का पालथा घालायचाय!” भिंगरीने हुकूम सोडला.

“आणि पालथा घातल्यावर सरळ कोण करणार?” शंकासुराने विचारलं.

भिंगरी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिचं नाव भिंगरी. तिच्या धाकट्या भावाला प्रश्न विचारल्याशिवाय अन्न पचत नसे, म्हणून तो शंकासुर. आणि मावसभावाला बांबू का म्हणत, हे त्याच्याकडे मान वर करून पाहिलं की आपोआप कळायचं.

सुट्टीत मावशीकडे जायचं ठरलं तेव्हा भिंगरीने नाक मुरडलं होतं. धक्क्याजवळच्या त्या वस्तीत बस जात नव्हती. शहराच्या नकाशात तिच्या जागी नुसता राखाडी डाग होता. पण पायी हिंडायला लागल्यावर भिंगरीची मान इकडून तिकडे वळायची थांबेना! एका गल्लीत दोर वळणारे चक्क उलटे चालत, हातातला दोर लांबवत लांबवत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचत. होड्यांच्या कारखान्यात सुतारकाका जाडजूड फळीला वाफ देत आणि ती फळी मुकाट्याने होडीच्या पोटासारखी वाकत असे. आणि मावशी? तळहाताला चामड्याची पट्टी बांधून, हातभर सुईने ती शिडं शिवायची. तिच्या कारखान्याच्या फरशीवर शीड पसरलं की पाय ठेवायला जागा उरत नसे.

पण त्या दिवशी मावशीची सुई बंद होती. गेला महिनाभर फरशीवर पाणी येत होतं. ‘पाया खचतोय, इमारत धोक्याची’ असा शेरा मारून तपासणीसाहेब गेले होते आणि आज दुपारी ते दाराला कुलूप लावायला येणार होते.

“आईने मला याच फरशीवर शिवायला शिकवलं,” मावशी म्हणाली होती. एवढं बोलून ती शिडाची घडी घालायला लागली. म्हणून तर ही स्वारी निघाली होती!

“मला एक सांगा,” चालता चालता शंकासुर म्हणाला. “पाणी भरतीलाच येतं आणि ओहोटीला जातं. पाया काय घड्याळ लावून खचतो?”

“तुझं आपलं काहीतरीच!” बांबू म्हणाला.

“नाही रे, बरोबर बोलतोय तो!” भिंगरी मध्येच थबकली. “समुद्रातूनच येत असणार पाणी. पण कुठून?”

धक्क्याच्या भिंतीला गेल्याच महिन्यात निळाशार रंग दिला होता. कठड्यावरून वाकून बघत तिघं पुढे सरकले. मावशीच्या कारखान्यासमोर भिंतीत गटाराचं तोंड होतं आणि त्यावर लोखंडी झडप. झडपेच्या दोन्ही बाजूंना तोच निळा रंग होता, पण ती खाली लोंबत नव्हती. कुणीतरी ती उचलून तारेने कठड्याला बांधली होती. शेजारी पाटी होती : ‘हात लावू नका. रंग ओला आहे.’

शंकासुराने बोट पुढे केलं.

“अरे, हात लावू नको!” भिंगरी ओरडली.

“पण रंग खडखडीत वाळलाय! मग पाटी अजून का आहे?”

तिघं धावतच सुतारकाकांकडे गेले. काका डोकं खाजवत म्हणाले, “भरती आली की ती झडप पाण्याच्या जोराने आपोआप बंद होते. कधी बिघडली नाही, म्हणून कुणाला तिची आठवणही नाही. रंगाऱ्याने आतून रंगवायला वर बांधली असेल. पण सरकारी पाटी आहे बाबांनो, उगाच हात लावला तर माझ्याच अंगाशी यायचं!”

“मग साहेबांच्या डोळ्यांदेखत सिद्ध करू!” भिंगरी म्हणाली. “काका, थोड्या ढलप्या द्या!”

काकांच्या रंध्याखालच्या लाकडी ढलप्यांवर त्यांनी मावशीच्या लाल खडूने फुल्या मारल्या. कापडाचे गठ्ठे ठेवायला मावशीने कोपऱ्यात फळ्या रचल्या होत्या. गटाराचं दुसरं टोक इथेच कुठेतरी असणार, म्हणून भिंगरीने त्या फळ्या सरकवल्या. खाली गटाराची जाळी निघाली!

दुपारी भरती चढू लागली आणि साहेब आले.

“चला, आवरा! माझ्याकडे वेळ नाही.”

“साहेब, गेल्या वेळी तुम्ही या फळ्यांखाली वाकून बघितलं होतं?” भिंगरीने अगदी गोड आवाजात विचारलं.

“वाकायचं काय त्यात? पाणी दिसत होतं की!”

“मग आज जरा या स्टुलावर बसा. बूट फार सुंदर आहेत तुमचे, भिजतील!”

साहेब बसले. बाहेर बांबूने कठड्यावरून लांबलचक हात खाली करून गटाराच्या तोंडाशी ढलप्या सोडल्या. आत सगळे जाळीकडे टक लावून बसले. पाणी बुडबुडलं. साहेबांनी दुसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. आणि तेवढ्यात...

“आली! आली!” शंकासुर किंचाळला. जाळीतून एक ढलपी वर आली, मागोमाग दुसरी. लाल फुल्या मिरवत त्या थेट साहेबांच्या बुटांपाशी येऊन थांबल्या!

साहेब उठले, बाहेर गेले, झडप बघितली, पाटी वाचली. त्यांचे कान लाल झाले. “पक्कड आणा,” ते हळूच म्हणाले.

सुतारकाकांनी तार कापली. धाड! झडप खाली पडली आणि गटाराचं तोंड बंद झालं.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी दोर वळणाऱ्यांपासून साहेबांपर्यंत सगळे फरशीकडे बघत उभे होते. समुद्र धक्क्याला धडका देत होता आणि फरशी कोरडी ठणठणीत!

“चूक माझी,” साहेब म्हणाले. “शेरा मी आजच रद्द करतो. आणि मुलांनो, तुमची ही वस्ती मला एकदा पायी दाखवाल? मी गाडीतूनच बघितली होती.”

“आम्ही रोज ती पाटी वाचून हात मागे घेत होतो,” सुतारकाका म्हणाले. “या पठ्ठ्याने पाटीवरच शंका घेतली! शाबास रे पोरांनो!”

शंकासुर लाजून बाहेर पळाला. रंगारी नुकताच कठड्यावरचा तारेचा ओरखडा रंगवून गेला होता. शेजारी तीच पाटी. शंकासुराने इकडे तिकडे बघितलं आणि हळूच...

“ताई! आज खरंच ओला आहे गं!”

तो धावत आत आला तेव्हा त्याचं निळं बोट बघून सगळे खो खो हसले. तो ते चड्डीला पुसणार, इतक्यात मावशीने त्याचा हात धरला. तोवर तिने कोरड्या फरशीवर नवं शीड पसरलं होतं; त्याच्या कोपऱ्यावर तिने ते बोट अलगद टेकवलं.

“राहू दे,” डोळे पुसत ती म्हणाली. “हे शीड समुद्रात जाईल तेव्हा तुमची खूण सोबत असू दे.”

आणि तिने सुईत दोरा ओवला.