मोगऱ्यासाठी गादी

कौमुदीची काचेची बरणी तिनेच केलेल्या स्प्रिंगांच्या गादीवर अलगद पडली, टुणकन उडाली आणि कोलांटी खाऊन बाजूच्या फरशीवर फुटली. गादी असूनही बरणी का फुटली?

"कौमू, तुझी बरणी उडायला शिकली की!" अनघ हसला.

चंद्रावरच्या चांदवस्तीत जन्मलेल्या कौमुदीच्या डोळ्यांत हा आतेभाऊ सलत होता. महिन्यापूर्वी तो पृथ्वीवरून आला आणि शास्त्रज्ञ आजोबा त्याचेच झाले. दोघं तासन्‌तास मोगऱ्याच्या वासाबद्दल बोलत. तिने मोगरा कधी हुंगलाच नव्हता. ती मनाशी गुणगुणे,

आजोबा माझे गं, चंद्रावरची सावली,
नव्या पाहुण्याने ती गं अर्धी पळवली.

उद्या मालयान मोगऱ्याच्या रोपाची पेटी न उतरता वरूनच सोडणार होतं. ज्याची गादी बरणी वाचवील, तीच पेटीखाली अंथरायची होती.

अनघने आपली गादी मांडली. मधाच्या पोळ्यासारखी, पत्र्याची जाळी. बरणी पडली. फुटली. जाळीवर साधा पोचाही नव्हता.

"मग नकोच," आजोबा हळूच म्हणाले. "पेटी सोडू नका, असा यानाला निरोप देतो. रोप मोडलेलं मला बघवणार नाही."

अनघचा चेहरा उतरला. "पण जाळीची कल्पना बरोबर आहे ना?"

"आहे तर! झेल घेताना हात मागे का नेतोस?"

"नाहीतर तळवा झिणझिणतो."

"म्हणजे थांबायला जास्त वेळ मिळाला, की धक्का कमी बसतो. स्प्रिंगही वेळ देते, पण घेतलेली ऊर्जा (काम करण्याची क्षमता) लगेच परत करते. म्हणून बरणी उडाली. जाळी चेमटते आणि ऊर्जा त्या चेमटण्यातच खर्च होते. वीज नको, मोटर नको. हा निष्क्रिय धक्काशोषक (आपोआप धक्का गिळणारं साधन). पण ही चेमटली का नाही?"

कौमुदीने ओठ घट्ट मिटले. मग आजोबांचा हात निरोपाच्या बटणाकडे जाताना तिला दिसला.

"थांबा! ही याने पृथ्वीवर बेतून आणलीय. तिथे वस्तू जोरात आदळते. इथे गुरुत्व सहावा हिस्सा. एवढ्याशा धक्क्याने हा पत्रा वाकतच नाही. याहून पातळ पत्रा हवा."

"तुला ठाऊक होतं?" अनघ म्हणाला.

"काल दाबून पाहिली तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"आजोबा तुझे झाले होते ना!"

आजोबांनी दोघांच्या मधे बैठक मारली आणि पातळ पत्रा पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी पेटी पडली. जाळी चेमटली आणि पेटी जागच्या जागी बसली, जशी लेक माहेरी येऊन टेकावी. वस्तीत आणून पेटी उघडली, तर रोपावर एक कळी उमलत होती.

"आधी तू हुंग. मी हुंगलाय," अनघ म्हणाला.

कौमुदीने डोळे मिटून श्वास घेतला. मग आणखी एक. मग रोप आजोबांच्या नाकाशी धरलं.

"ही गादी संपली," आजोबा चेमटलेली जाळी कुरवाळत म्हणाले. "पुढची अख्ख्या यानासाठी करू. माणसं उतरतील तिच्यावर."

"करू," कौमुदी म्हणाली. "पण तुमच्या शेजारी मी बसणार."