वळचणीखालच्या चिंध्या

"माझ्या आईला माझ्या सख्ख्या भावानं मारलं," कुवरसिंग म्हणाला, आणि समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत बसला.

हेमलता बोरसेच्या धुळ्यातल्या देवपुरातल्या ऑफिसात असलं वाक्य सहसा कुणी बोलत नसे. तिथं यायचे ते मुलींचे बाप. मुलगा पितो का, नोकरी खरी का, एवढंच विचारायला. दारावर गुप्तहेर म्हणून पाटी होती, पण गावानं तिला लग्नाच्या चौकशीवालीच करून टाकलं होतं. तिच्या जोडीला अतिक. जीप त्याची, गप्पा त्याच्या, आणि आपलं डोकं जरा सावकाश चालतं हे सांगणाराही तोच.

कुवरसिंग धुळ्यात शिक्षक. त्याचं घर पिंपळनेरच्या पुढे, डोंगराकडच्या पाड्यावर. तिथं आई बिजलीबाई, धाकटा भाऊ सुकलाल आणि त्याची बायको ललिता. आईला चुलीच्या धुराचा खोकला. गॅस आणून दिला, तर तिनं तो फडक्यानं झाकून कोपऱ्यात ठेवला. म्हणून गेल्या दिवाळीनंतर कुवरसिंगनं छप्परच बदललं. जुनी कौलं उतरवून पत्रे घातले. वळचणीखालच्या कुजक्या फळ्या काढून तिथं भोकांच्या पट्ट्या बसवल्या, वर आढ्याखाली भिंतीत झरोके ठेवले. खालून वारा माळ्यावर शिरावा, वरून धूर आणि उकाडा निघून जावा.

आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर आई चुलीपाशी मरून पडलेली सापडली. बाहेर धुळीचा वारा सुटला होता म्हणून दार लावलेलं. डॉक्टर म्हणाले, धुरानं कोंडली. दिवसकार्य उरकल्यावर कुवरसिंग माळ्यावर चढला, तर पट्ट्यांच्या भोकांवर आणि झरोक्यात आतून चिंध्या कोंबलेल्या.

"सुकलालला हे छप्पर पहिल्यापासून खुपत होतं," तो म्हणाला. "घरावर हक्क सांगायला बांधलंस, असं फोनवर बोलला होता मला. उद्या मी ठाण्यात तक्रार देणार. तुम्ही फक्त पुरावा द्या, ताई."

"असेल तो देईन. तुम्हाला हवा तोच निघेल असं नाही."

काम केलं होतं धुळ्याच्या नासीर मिस्त्रीनं. त्याला आधी गाठलं. बिचारा घाबरून गेला होता. त्यानं पुन्हा पुन्हा सांगितलं, ही विद्या आपण कोकणात शिकलो. तिथं समुद्राच्या खाऱ्या हवेनं वळचणीच्या फळ्या कुजतात, त्या बदलताना अशाच भोकांच्या पट्ट्या घालतात म्हणजे माळा कोंदट राहत नाही. काम चोख झालं होतं. भोकं मोकळी होती, त्यानं फुंकर मारून पाहिली होती. सुकलाल आणि ललिता तेव्हा घरी नव्हते, ऊसतोडीला गुजरातेत गेले होते. म्हातारी एकटीच. तिनं चहा दिला.

"काही बोलली का ती?" हेमलतानं विचारलं.

"एकच विचारलं, ताई. आता धूर वर ठरणारच नाही का म्हणे. मी म्हटलं, मावशी, चिमूटभरसुद्धा नाही. मग ती गप्पच बसली."

"खूश झाली असेल," अतिक म्हणाला. हेमलतानं तो प्रश्न वहीत टिपून घेतला.

कुवरसिंगला घेऊन दोघं पाड्यावर पोचले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. हेमलता पदर खोचून थेट शिडीवर चढली, मागोमाग अतिक धापा टाकत. माळ्याच्या मधोमध मातीची भिंत होती. एका अंगाला खाली चूल, दुसऱ्या अंगाला निजायची खोली. चुलीच्या अंगाची सगळी भोकं आणि तिथला झरोका चिंध्यांनी बुजवलेला. निजायच्या खोलीवरची भोकं मात्र सगळी उघडी, त्यांतून वारा येत होता.

हेमलतानं एक चिंधी ओढून काढली. सुती लुगड्याचा तुकडा, नीट वळकटी करून बसवलेला. तिच्याखाली पट्टी पांढरी कोरी. बाजूला मात्र बोट काळं होईल एवढी काजळी.

"माल चांगला वापरलाय नासीरनं," अतिक म्हणाला. "अजून नवाच्या नवा दिसतोय."

"हो ना," हेमलता म्हणाली, "नवाच्या नवा."

चुलीच्या वर वाशांना मक्याच्या कणसांचे जुडगे टांगलेले होते, धुरानं काळे झालेले. अतिकनं एक चाचपलं आणि सदऱ्याला हात पुसून बसला. मग सदऱ्याकडे बघून स्वतःलाच शिव्या दिल्या. कणीस मात्र टणक होतं, एका दाण्यालाही कीड नव्हती.

खाली ललितेशी बोलणं झालं. सासू मरायला टेकली होती का, तिला शिडी चढवत होती का, असं हेमलतानं सरळच विचारलं. ललिता म्हणाली, मरायला कशी टेकेल, माळ्यावर खारीसारखी चढायची. बियाण्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. होळीला आम्ही घरी आलो तेव्हा खोकला वाढलेला होता एवढंच. सासू गेली त्या दिवशी ती आणि सुकलाल मोहाची फुलं वेचायला रानात गेली होती.

"पण आई तर दोन वर्षांपासून शिडी चढत नव्हती," कुवरसिंग म्हणाला. ललितानं त्याच्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

राहिला सुकलाल. त्यानं काही विचारायचीही वाट पाहिली नाही. होळीला घरी आलो, चिमण्या माळ्यावर घुसत होत्या, म्हणून भोकं बुजवली, असं तो खाली मान घालून म्हणाला.

"मीच करं ते, भाऊ. दुसरं कोनी नही."

कुवरसिंग ताडकन उठला. अतिकनं त्याचा दंड धरला. गुन्हेगार आपल्या तोंडानं कबूल झाला, आता राहिलं काय, असं अतिकला वाटलं. त्याला वाईटही वाटत होतं, कारण सुकलालचा चेहरा मारेकऱ्याचा नव्हता.

"बसा," हेमलता म्हणाली. "सुकलाल खोटं बोलतोय."

ओट्यावर सगळे बसले. तिनं आवाज चढवला नाही.

"चिमण्यांसाठी बुजवली असती तर सगळी बुजवली असती. चिमणी काय चुलीचीच बाजू बघून घुसते? आणि चिंधीखालची पट्टी पांढरी आहे, आजूबाजूला थराथरानं काजळी. म्हणजे पट्टीवर धूर बसायच्या आधीच चिंधी बसली. काम झालं त्याच आठवड्यात म्हणा. होळीला नाही. तेव्हा हे दोघं गुजरातेत होते. नासीर काम उरकून गेला होता. घरात राहिलं कोण?"

कुवरसिंगनं मान हलवली. "नाही."

"तुमची आई. तिला चुलीवरचा धूर माळ्यावर हवा होता. तुमच्याकडे पेरायचं बियाणं चुलीवर टांगतात. धूर लागला की कीड लागत नाही. म्हणून तिनं गॅस झाकून ठेवला. म्हणून नासीरला तिनं तो एकच प्रश्न विचारला. तुम्ही धूर घालवलात, मास्तर, आणि ती बियाण्याच्या काळजीनं चढली. स्वतःच्या लुगड्याच्या चिंध्या करून भोकं बुजवली."

"पण जुन्या घरात धूर होताच की," अतिक म्हणाला. "तेव्हा कशी नाही कोंडली?"

"जुनी कौलं होती, अतिक. बियाण्यापुरता धूर थांबायचा, बाकीचा फटीफटीतून निघून जायचा. पत्र्याला फट कुठली? हे तिच्या ध्यानात आलं नाही. येणार कसं? जन्मभर कौलाखाली राहिलेली बाई. दार उघडं असायचं तोवर निभावलं. त्या दिवशी वारा सुटला आणि तिनं दार लावलं."

कुवरसिंगनं मान वर करून आपण घातलेल्या पत्र्यांकडे पाहिलं. 

"मला सांगायचं होतं तिनं," कुवरसिंग शेवटी म्हणाला. "मीच ती बाजू बंद करून दिली असती. एवढंसं काम होतं."

सुकलालनं मग सांगितलं. होळीला आल्यावर त्यानं चिंध्या पाहिल्या, आईशी भांडला. आईनं त्याला शपथ घातली. पेरणी झाली की मीच काढते म्हणाली. थोरल्यानं इतक्या वर्षांनी घरासाठी काही केलं, ते चुकलं असं कसं सांगू, तो पुन्हा यायचा नाही, असं म्हणाली. फोनवर सुकलाल तावातावानं बोलला तो त्याच रागात. खरं सांगता येईना, म्हणून हक्काचं बोलला.

"आणि तू स्वतःवर घेतलंस? मी तुला तुरुंगात घातलं असतं, सुकलाल."

सुकलालनं डोळे पुसले.

"मन्हावरना राग एक दिन उतरी जाता, भाऊ. हाई कसं उतरी?"

भावावरचा राग खरंच कधीतरी उतरला असता. छप्पर मात्र कुवरसिंगचं स्वतःचं होतं. तो ओट्याच्या कडेला तसाच बसून राहिला, आणि सुकलाल सरकून त्याच्या शेजारी जाऊन बसला. पुरावा शोधून द्या म्हणून कुवरसिंग स्वतःच देवपुरात आला होता. हेमलतानं तो शोधून दिला होता, आणि आता तिला त्याच्याकडे बघवत नव्हतं.